दार बंद, बदकं बाहेर : एका कळपाच्या रात्रीच्या निवाऱ्याचं प्रकरण

पाळलेली बदकं संध्याकाळी घरात घेणं अनेकांना जमत नाही. बहुतेक जण त्याचं खापर बदकांच्या हट्टीपणावर फोडतात. या प्रकरणात निवारा होता, दार आपोआप बंद होण्याची सोय होती आणि माणसं जीव लावणारी होती. तरीही एक बदक गेलं आणि बाकीची दर रात्री उघड्यावर राहत होती. घोळ एका जागी नव्हता. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं असं ते वाढत गेलं होतं, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

घर, आवार आणि कळप

घर एका वयस्कर जोडप्याचं, काका-काकूंचं. सोबत शाळेत जाणारी नात. घरामागे प्रशस्त आवार, त्याच्या एका टोकाला उथळ तळं, एका बाजूला भिंत आणि बाकी तीन बाजूंना तारेचं कुंपण व दाट झुडपं. बदकं सात, तीन जातींची: चार पांढरी पेकिन, दोन खाकी कॅम्पबेल आणि एक मस्कोव्ही मादी.

निवारा म्हणजे पूर्वी कोंबड्यांसाठी केलेलं लाकडी खुराडं. ते चार पायांवर गुडघाभर उंच उभं होतं आणि वर चढायला एक अरुंद, तिरकी फळी होती. दाराला प्रकाश मोजणारं यंत्र बसवलेलं. अंधार पडला की दार खाली सरकायचं, उजाडलं की वर जायचं. कोंबड्या होत्या तोवर यात काहीच अडचण आली नव्हती. दिवस मावळू लागला की कोंबडी आपणहून आत जाते, दांडीवर चढते आणि झोपते, कारण अंधारात तिला फारसं दिसत नाही. दार बंद व्हायच्या कितीतरी आधी सगळ्या आत असायच्या.

बदकाचं तसं नाही. मस्कोव्ही सोडली तर पाळीव बदकांच्या जवळजवळ सगळ्या जाती मॅलार्ड या रानबदकापासून आलेल्या आहेत. दिवसा पाण्यावर विसावायचं आणि सांज झाली की चरायला निघायचं, ही रानबदकांची जुनी रीत. कमी उजेडात त्यांना कोंबडीपेक्षा बरंच चांगलं दिसतं आणि झोपही ती तुकड्यातुकड्याने घेतात. त्यामुळे ज्या वेळी आपल्याला वाटतं की आता यांनी झोपायला जावं, नेमकी तीच वेळ त्यांच्या अंगात उत्साह येण्याची असते. शेकडो पिढ्या माणसाच्या अंगणात काढूनही ही सवय गेलेली नाही.

या आवारात घडलं ते असं. अंधार झाला, दार खाली आलं, यंत्राने त्याचं काम चोख केलं. आतमध्ये एकही बदक नव्हतं. असं किती रात्री चाललं कोणाला ठाऊक, कारण सकाळी दार उघडलेलंच दिसायचं आणि बदकं तळ्यावर मजेत. घरच्यांचा समज असा की ती रात्री आत झोपून पहाटे बाहेर पडतात. मग एका सकाळी काठावर पांढऱ्या पिसांचा सडा दिसला आणि पेकिन तीनच राहिली.

पाण्याचा भरवसा

त्यानंतर मला बोलावलं, तेव्हा काकूंचा पहिला प्रश्न हाच होता: ‘‘अहो, पाण्यात असली की सुरक्षितच असतात ना ती? मग ही एकटी कशी सापडली?’’

हा समज फार खोलवर बसलेला आहे. मोठा, खोल जलाशय असेल, मधोमध बेट असेल, तर पाण्याचा आसरा काही प्रमाणात मिळतो हे खरं. पण घरगुती तळं तेवढं मोठं नसतं. कुत्रा उत्तम पोहतो, घुबड वरून येतं. आणि मुख्य म्हणजे बदक रात्रभर पाण्यात राहतच नाही. ते काठावर येतं, चिखलात चोच घालून किडे शोधतं, पिसं साफ करतं, एका पायावर डुलकी काढतं. पकडलं जातं ते तिथे.

इथेही तसंच झालं होतं. पिसं पाण्यापासून दोनएक पावलांवर, गवतात. काठाच्या ओल्या मातीत ठसे अजून शाबूत होते: चार बोटं आणि प्रत्येक बोटापुढे नखाचा टोकदार ठिपका. मांजर चालताना नखं आत ओढून घेते, तिच्या ठशात ती सहसा उमटत नाहीत. म्हणजे हा प्राणी कुत्र्याच्या कुळातला. कुत्रा की कोल्हा हे तेवढ्यावरून ठरवता येत नाही आणि ठरवायची गरजही नव्हती. आत यायची वाट मात्र शोधली. झुडपाखाली कुंपणाची तार वाकून मोकळी झाली होती, आणि खालची माती ये-जा करून गुळगुळीत झाली होती. तो तिथून एकदाच आलेला नव्हता.

कुंपण दुरुस्त केलं की झालं, असं काकांचं म्हणणं. कुंपण दुरुस्त करायचंच, पण मोठ्या आवाराचं कुंपण प्रत्येक रात्री अभेद्य ठेवणं फार थोड्यांना जमतं. सगळ्या आवारापेक्षा एक छोटी खोली भक्कम करणं सोपं असतं. रात्रीचा निवारा लागतो तो यासाठी.

पाठलागाने काय शिकवलं

बदक गेल्यानंतर घरच्यांनी रोज संध्याकाळी मोहीम सुरू केली होती. काका झाडू घेऊन एका बाजूने, नात दुसऱ्या बाजूने टाळ्या वाजवत, काकू दाराशी टॉर्च धरून. बदकं धडपडत पाण्यात उतरायची. मग त्यांना बाहेर काढायला पाण्यात खडे टाकायचे. ती समोरच्या काठाला जायची, सगळे तिकडे धावायचे, ती परत मधोमध. शेवटी एखादं बदक हाती लागायचं, ते आत कोंबायचं, आणि दुसरं आणेपर्यंत ते बाहेर. दोन तासांनी सगळ्यांचा जीव मेटाकुटीला यायचा आणि बदकं तळ्यावर ती तळ्यावरच.

ही माणसं निष्काळजी नव्हती. एक जीव गेल्याचं दुःख त्यांना होतं, त्या दुःखापोटीच हे चाललं होतं. पण बदकांच्या बाजूने पाहिलं तर काय दिसतं? दिवसभर प्रेमळ असणारी माणसं अंधार पडू लागला की हातात काहीतरी घेऊन अंगावर येतात. पाण्यात उतरलं की ती थांबतात. जो पकडला जातो तो त्या काळोख्या पेटीत जातो. रोज संध्याकाळी हाच धडा गिरवला जात होता आणि बदकं तो पक्का शिकली होती. आता तर काका मागच्या दारात नुसते दिसले तरी कळप तळ्याकडे निघायचा.

म्हणून एका संध्याकाळी कोणीही काहीही करायचं नाही असं ठरवलं. झाडू घरात, टॉर्च बंद. आम्ही लांब बसून फक्त पाहत राहिलो. नातीला हे सगळ्यात जड गेलं.

दिवस कलल्यावर पेकिन स्वतःहून पाण्याबाहेर आली आणि खुराड्याच्या दिशेने निघाली. हे पाहून काकू उठूनच उभ्या राहत होत्या, त्यांना हाताने थांबवलं. पेकिन फळीपर्यंत आली. सगळ्यात पुढच्या मादीने मान तिरकी करून एका डोळ्याने दाराच्या आत पाहिलं. बदकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे नीट पाहायचं असलं की ते असं मान वळवून पाहतं. मग तिने एक पाय फळीवर ठेवला, फळी जराशी हलली, तिने पाय मागे घेतला. पुन्हा एकदा आत पाहिलं. बाहेर अजून बऱ्यापैकी उजेड होता आणि आत मिट्ट काळोख. ती वळली, तिच्यामागे बाकीचीही वळली. खाकी कॅम्पबेल तर खुराड्याच्या जवळसुद्धा आली नाहीत, लांबूनच वळसा घालून गेली. मस्कोव्ही कुठे दिसलीच नाही.

इतकं पाहिल्यावर पाठलागाला अर्थ उरला नाही. पेकिनना यायचं होतं, येता येत नव्हतं. कॅम्पबेलना यायचंच नव्हतं. मस्कोव्हीचं काहीतरी तिसरंच होतं. तीन निरनिराळ्या अडचणी, आणि तिन्हींवर उपाय एकच चालला होता: झाडू.

खुराड्याच्या आत

दुसऱ्या दिवशी उजेडात खुराडं उघडून पाहिलं. पहिली गोष्ट वासाची. मी नेहमी गुडघ्यांवर बसून, बदकाचं डोकं जिथे असतं तेवढ्या उंचीवर तोंड नेऊन श्वास घेतो. नाक झणझणलं किंवा डोळ्यांत पाणी आलं तर तिथे अमोनिया साचलेला आहे, आणि बदकाला रात्रभर तोच श्वासावाटे घ्यावा लागणार. इथे डोळ्यांत पाणी आलं. थंडी लागू नये म्हणून वरच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. बदकाच्या अंगावर इतकी दाट पिसं आणि मऊ लव असते की कोरडी थंडी ते आरामात सोसतं. त्याला बाधते ती ओल. त्याची विष्ठा पातळ असते, श्वासातूनही भरपूर वाफ बाहेर पडते, आणि पाण्याचं भांडं आत असलं तर ते शिंपडून सगळं भिजवतं. हवा खेळायलाच हवी, फक्त ती बदकाच्या डोक्यावरून, छपरालगतच्या झरोक्यांतून जावी. अंगावर झोत येता कामा नये.

दुसरी गोष्ट कोपऱ्यात दिसली. अंथरलेला भुसा तीन बाजूंनी जवळजवळ साफ झाला होता आणि एका कोपऱ्यात ढीग लागला होता. त्यात दोन मोडलेली खाकी पिसं, दांडीपाशी दुमडलेली. समोरच्या कोपऱ्यात जमिनीची फळी कुरतडलेली, अंगठा सहज जाईल एवढं भोक, आणि आजूबाजूला उंदरांच्या लेंड्या. खाण्याची थाळी अर्धी भरलेली.

इथे कोडं सुटलं. बदकांना आत यायचं आमिष म्हणून थाळी रात्रभर भरून ठेवली जात होती. धान्यामागे उंदीर आले. ज्या थोड्या रात्री काही बदकं आत डांबली गेली, त्या रात्री पूर्ण काळोखात पायांमधून काहीतरी सरसरत गेलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. बदकं काळोखात एकदम घाबरली की सगळी एकाच दिशेला उसळतात आणि कोपऱ्यात एकमेकांवर चढतात. त्यात पंख मोडतात, पाय मुरगळतात, खालचं बदक गुदमरूही शकतं. बदकं मोठ्या प्रमाणावर पाळणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं, म्हणून ते रात्री आत मंद दिवा ठेवतात. कॅम्पबेल मुळात बुजरी जात. त्यांना ती जागा धोक्याची वाटत होती, आणि त्यांचा अंदाज बरोबरच होता.

बाकी उणिवा चटकन दिसण्यासारख्या होत्या. जागा कमी, कारण कोंबड्या दांड्यांवर वर बसतात आणि बदकं सगळी जमिनीवर. दर बदकामागे किमान 4 चौरस फूट जमीन धरावी लागते. खिडकीला षटकोनी छिद्रांची पातळ जाळी होती. ती कोंबडी आत ठेवते, पण जोर लावणारा कुत्रा ती फाडू शकतो. दाराची एरवीची कडी नुसती आकड्याची, खालून नाकाने ढकलली की निघणारी.

आधी घर, मग माणसं, मग बदकं

काकांना वाटत होतं की आता मी बदकं हाकायची युक्ती सांगेन. ती शेवटी सांगितली. जी जागा वाईट आहे तिथे जनावराला कौशल्याने नेणं म्हणजे त्याचा विश्वास उरलासुरला संपवणं. तेव्हा आधी घर.

खुराड्याचे पाय कापून ते विटांच्या एका थरावर बसवलं. पेकिनचं शरीर वजनदार आणि पाय तुलनेने कमजोर असतात. त्यांना चढउतार करायला लावणं आणि विशेषतः सकाळी उंचावरून उड्या मारायला लावणं हे पाय आणि कंबर जायबंदी करण्याचं सोपं निमित्त आहे. आता फक्त भुसा आत राहील एवढा कमी उंचीचा उंबरा राहिला. शेजारी तेवढीच आणखी एक खोली जोडली. दार दुप्पट रुंद केलं, दोन बदकं शेजारी शेजारी जातील इतकं. अरुंद दारात पहिलं बदक थबकलं की मागचं ढकलतं, पुढचं बिथरतं आणि सगळी उलटी फिरतात.

सगळ्या झरोक्यांना वेल्डेड जाळी लावली, चौकोन साधारण 13 मिलीमीटरचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा. ती लाकडावर नुसती टाचली नाही, वरून पट्टी ठेवून स्क्रूने आवळली. जमिनीलगत बाहेरच्या बाजूला हीच जाळी फूट-दीड फूट आडवी पसरून वरून माती टाकली. उकरून आत शिरणारा प्राणी भिंतीला अगदी चिकटून उकरायला लागतो. तिथे पंजाला जाळी लागते, आणि दीड फूट मागे जाऊन सुरुवात करावी हे सहसा त्याला सुचत नाही. दाराला सरकता बोल्ट आणि त्यात अडकवायचा स्प्रिंगचा हूक, म्हणजे उघडायला दोन वेगवेगळ्या हालचाली लागतील असं.

आत जमिनीपासून हातभर उंचीवर एक मंद, पिवळसर दिवा. याचं काम दुहेरी आहे. संध्याकाळी दारातून आत पाहणाऱ्या बदकाला आतलं सगळं दिसतं, आणि रात्री काही हललं तर ते काय आहे हेही दिसतं.

खाण्याच्या वेळा बदलल्या, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. दुपारनंतर आवारात खाणं ठेवायचं नाही. संध्याकाळचं खाणं निवाऱ्यातच, सोबत चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढ्या खोल भांड्यात पाणी. बदकाला घास पाण्याबरोबर गिळावा लागतो. कोरडं खाणं नुसतं दिलं तर घशात अडकू शकतं. त्यामुळे रात्रीचा नियम असा केला की अर्ध्या-पाऊण तासाने खाणं आणि पाणी दोन्ही उचलायचं. एक ठेवून दुसरं काढायचं नाही. निरोगी मोठी बदकं तेवढी रात्र त्याशिवाय नीट काढतात. पिल्लांना आणि उकाड्याच्या दिवसांत मात्र हा नियम लावू नये. तेव्हा दोन्ही आत राहू द्यावं आणि भुसा रोज बदलावा. इथे थाळी उचलल्यावर आणि भोक पत्र्याने बुजवल्यावर उंदरांचा वावर संपला.

यानंतर बदकं निवाऱ्यात आणि त्याला जोडलेल्या, वरूनही जाळी असलेल्या छोट्या अंगणात आठवडाभर ठेवली. दिवसा डोकं बुडवता येईल असं घमेलं, संध्याकाळी दिवा, खाणं, दार बंद. काकूंना हे क्रूर वाटत होतं. ‘‘तळं समोर दिसतंय आणि यांना जाऊ द्यायचं नाही!’’ त्यांची कळकळ मला समजत होती, पण यात तडजोड केली नाही. रात्र झाली की परतायची जागा कुठली, हे बदकाला तिथे सलग राहिल्याशिवाय कळत नाही. आठवड्यानंतरही पहिल्यांदा सोडलं ते संध्याकाळच्या खाण्याच्या तासभर आधी, पोटात भूक असताना.

हाकणं

बदक हे हाकायला फार सोयीचं पाखरू आहे. मेंढ्या राखणारी कुत्री तयार करणारे लोक सुरुवातीच्या सरावासाठी कित्येकदा इंडियन रनर जातीची बदकंच वापरतात, कारण ती एकगठ्ठा चालतात आणि दाब पडला की नेमकी सरकतात. या गुणाचा उपयोग करायचा तर आपला वेग त्यांच्या वेगापेक्षा कमी हवा.

काकांना दोन हलक्या, लांब काठ्या दिल्या. मारायला किंवा आपटायला त्या नव्हत्याच, हात लांब झाले एवढाच त्यांचा उपयोग. कळपाच्या मागे, थोडं एका बाजूला उभं राहायचं आणि एक पाऊल पुढे टाकायचं. कळप हलला की थांबायचं. हे थांबणं लोकांना जमत नाही. बदक योग्य दिशेला निघालं की आपण मागे येणं बंद केलं, हे त्याला कळलं पाहिजे. तीच त्याची सुटका, तेच त्याचं बक्षीस. उजवीकडे वळवायचं असेल तर डावीकडची काठी जमिनीलगत हळूच उचलायची. डोक्याच्या वर काही न्यायचं नाही, कारण वरून येणारी सावली म्हणजे बदकाला शिकारी पक्षी.

एखादं बदक फुटून निघालं तर त्याच्या मागे धावायचं नाही. कळपालाच जरा मागे नेऊन त्याला त्यात मिसळू द्यायचं. एकटं पडलेलं बदक स्वतःच कळपाकडे ओढलं जातं. त्याच्यामागे आपण गेलो की ते लांब जातं आणि कळपही उधळतो. दुसऱ्याच संध्याकाळी एक कॅम्पबेल तळ्याकडे पळाली आणि नात सवयीने तिच्यामागे निघाली. काका म्हणाले, ‘‘अगं थांब, सगळ्यांना परत नेऊ तिच्यापर्यंत.’’ पाच-सहा पावलं कळप मागे नेला, ती कॅम्पबेल मान ताठ करून घुटमळली आणि मध्ये शिरली. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. काकांना आता युक्तीमागचं कारण समजलं होतं.

तळं आणि निवारा यांच्यामध्ये सुरुवातीला गुडघाभर उंचीच्या जाळ्या उभ्या केल्या होत्या, तळ्याकडे रुंद आणि दाराकडे निमुळत्या होत जाणाऱ्या. जड बदकं एवढा अडथळाही ओलांडायला जात नाहीत. तळ्याचा काठ दुपारनंतर अशाच जाळीने बंद केला, म्हणजे पाण्यात पळण्याचा मार्गच राहिला नाही. पुढे वाट अंगवळणी पडली तेव्हा जाळ्या एकेक करून काढल्या. खाण्याच्या डब्याचा खुळखुळाट आणि काकूंची एकच ठरलेली हाक, एवढ्यावर पेकिन येऊ लागली. हाक बदलायची नाही आणि हाक मारून फसवायचं नाही. त्या हाकेवर कधी औषध पाजायला पकडलं, तर पुढचे कित्येक दिवस ती हाक वाया जाते.

पकडायची वेळ आलीच तर पायाला धरून उचलायचं नाही, बदकाचा पाय सहज दुखावतो. दोन्ही हातांनी पंख अंगाला दाबून धरायचे, मग ते काखेत घ्यायचं, डोकं आपल्या मागच्या बाजूला ठेवून.

मस्कोव्हीची गोष्ट वेगळी

मस्कोव्ही ही मॅलार्डच्या वंशातली नाही. मूळची अमेरिका खंडातली, झाडांवर बसणारी आणि झाडाच्या ढोलीत घरटं करणारी ही स्वतंत्र जात. तिच्या नखांना धार असते आणि मादी हलकी असल्यामुळे चांगली उडते. त्यामुळे जमिनीवरच्या जाळ्या, निमुळती वाट हे सगळं तिच्यासाठी निरर्थक. ती भिंतीवर बसत असेल असं मला आधी वाटलं, पण भिंतीवर विष्ठेचे डाग नव्हते. भर दुपारी ती काही मिनिटांसाठी झुडपातून बाहेर आली, अधाशासारखं पाणी प्यायली, घाईघाईने अंग बुचकळलं, मोठी दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकली आणि परत झुडपात गेली. रवण, म्हणजे अंडी उबवायला, बसलेल्या मादीची ही अगदी ओळखीची लक्षणं. झुडपात, कुंपणाच्या त्या फाटक्या भागापासून जेमतेम काही पावलांवर, स्वतःच्या लवेने मढवलेल्या घरट्यात ती अंड्यांवर बसलेली होती.

पेकिन, कॅम्पबेल यांची अंडी साधारण 28 दिवसांत उबतात, मस्कोव्हीची सुमारे 35 दिवसांत. एवढा काळ ती रात्रंदिवस तिथून हलणार नव्हती. घरच्यांपुढे पर्याय दोन: रात्री घरट्यासकट तिला उचलून निवाऱ्यातल्या आडोशाला ठेवायचं आणि पिल्लं होऊ द्यायची, किंवा अंडी काढून घ्यायची. पिल्लं वाढवायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून अंडी काढली. मस्कोव्ही काही दिवस रिकाम्या जागी जाऊन बसायची. रोज अंधार पडल्यावर लांब बाह्यांचा सदरा घालून काका तिला उचलून आत ठेवत. आत तिच्यासाठी एक रुंद, जेमतेम वीतभर उंच फळी बसवली होती, कारण या जातीला किंचित उंचावर बसायला आवडतं. हळूहळू ती स्वतःहून त्या फळीवर येऊ लागली.

पंख कापावेत का, हा प्रश्न काकांनी विचारला होता. एकाच पंखाची उड्डाणपिसं कातरली की तोल जातो आणि बदक उडत नाही. पिसं झडून नवीन आली की पुन्हा कातरावी लागतात. वाढणारं, दांडीत रक्त असलेलं पीस कातरलं तर रक्तस्राव होतो, तेवढं जपावं लागतं. पण जिथे शिकारी प्राणी आत येऊन गेला आहे, तिथे रात्रीची व्यवस्था पक्की होण्याआधी तिच्या बचावाचं एकमेव साधन काढून घेणं मला योग्य वाटलं नाही. पंख तसेच राहिले.

यंत्राचं दार आणि मोजणी

यंत्राचं दार काढून टाकलं नाही. सकाळी ते उपयोगी आहे, पण आता ते प्रकाशावर चालत नाही. सकाळी ठरलेल्या वेळी उघडतं, आणि ती वेळ जरा उशिराची ठेवली आहे. बदकं बहुधा पहाटे आणि सकाळच्या पहिल्या एक-दोन तासांत अंडी घालतात. तोवर आत असली की अंडी भुशात मिळतात, तळ्याच्या तळाशी किंवा झुडपात नाही. शिवाय पहाट हीदेखील शिकारी प्राण्यांची फिरायची वेळ असते.

संध्याकाळचं दार मात्र माणूसच लावतो, आणि मोजून लावतो. ही मोजणी नातीने अंगावर घेतली आहे. पांढरी पेकिन अंधुक उजेडातही चटकन दिसतात, म्हणून नुसतं पाहून ‘‘सगळी आली’’ म्हणणं फसवं आहे. खाकी रंग सांजेच्या मातीत मिसळून जातो. ती आधी खाकी दोन मोजते, मग फळीवरची मस्कोव्ही, शेवटी पांढरी तीन.

काही दिवसांनी रात्री निवाऱ्याच्या झरोक्यातून पाहिलं तेव्हा बदकं खोलीच्या मधोमध विखुरलेली होती, कोपऱ्यात गर्दी नव्हती. कडेच्या एका कॅम्पबेलचा दाराकडचा डोळा उघडा होता. याचं नवल वाटायला नको. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मॅलार्ड बदकं ओळीत ठेवून पाहिली, तेव्हा टोकाच्या बदकांचा बाहेरच्या बाजूचा डोळा जास्त वेळ उघडा असायचा आणि मेंदूचा अर्धा भाग जागा असायचा. कळपाच्या कडेला राहणाऱ्याने राखण करायची, ही त्यांची रीत. भिंती भक्कम असल्या तरी ती सुटत नाही. सुटावी अशी अपेक्षाही नाही. मोडलेली पिसं सापडायची थांबली, हे मला पुरेसं वाटलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. पाऊस पडून गेला की गांडुळं वर येतात आणि त्या संध्याकाळी कॅम्पबेलना हाकेची पर्वा नसते. स्वच्छ चांदणं असलं की पेकिनही रेंगाळतात. अशा दिवशी काका एक जाळी पुन्हा उभी करतात आणि काठ्या घेऊन बाहेर पडतात, अर्ध्या तासाचं काम होतं. दिवस लहान-मोठे होतात तशी संध्याकाळच्या खाण्याची वेळ दर आठवड्याला थोडी सरकवावी लागते, अंधार पडायच्या अर्धा तास आधी. आणि घरच्यांना कुठे जायचं असलं तर शेजारच्या ताई दार लावायला येतात. पहिल्या वेळी त्या काकूंसोबत सलग काही संध्याकाळी येऊन उभ्या राहिल्या, मग त्यांनी स्वतः डबा खुळखुळवला, आणि नंतरच काकूंनी गावाला जायची तारीख ठरवली.